आत्याबाईंच्या लाल गोळ्या

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्यांचं आमच्या गावात काय काय व्हायचं, ते मला विचारा. पोरी त्या जिभेवर ओल्या करून ओठ रंगवायच्या. कुणी कोंबड्यांपुढं टाकायचं. कोंबड्या शहाण्या, चोच लावून सोडून द्यायच्या. कुणाच्या घरी वळचणीला खोचलेली पुडी तशीच राहायची आणि पावसाळ्यात भिंतीवरून तांबडा ओघळ उतरायचा. ज्या पोटुशीसाठी त्या आलेल्या असायच्या, तिच्या पोटात तेवढ्या जायच्या नाहीत.

हे नव्वदीतलं. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळी व्हायला अजून अवकाश होता. माझं माहेर हट्ट्याचं आणि सासर जवळा बाजारच्या पुढं, नदीकाठचं बारकं गाव. घरात आत्याबाई म्हणजे माझी सासू, मोठे दीर, त्यांची बायको अक्का, त्यांचा एक पोरगा आणि आम्ही दोघं नवराबायको. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानात मजुरी. मी दहावी पास आणि तोंडाची फटकळ. आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हट्ट्याची पोरगी केली, आता हट्ट तर सोसावाच लागंल." त्यांचं तोंड काय कमी होतं का? पण सासूला कोण बोलणार!

अक्का माझ्या अगदी उलट. दिवसभरात मोजकं बोलणार, तेही खालच्या आवाजात. मला भाकरी थापता येत नव्हती तर पहिले कित्येक दिवस तिनं माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या आणि घरात कळू दिलं नाही. माझा तिच्यावर जीव होता. आजही आहे.

तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, नीट झालं. दुसरं आमच्या घरात. मी नवी नवरी, मला आत येऊ देईनात, पण चुलीपाशी पाणी तापवायला मीच होते. लेकरू आलं ते रडलंच नाही. आणि मग रक्त जायला लागलं. सुईणमावशी दाराआडून कापडं मागत राहिली, मी देत राहिले. दीर म्हणत होते, जीप बघतो, दवाखान्यात नेऊ. आत्याबाई म्हणाल्या, "दम धर जरा, थांबंल." थांबलं नाही. जीप आली तेव्हा अक्काला शुद्ध नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त चढवून तिला वाचवलं. निघताना डॉक्टरांनी आत्याबाईंना तोंडावर सांगितलं, "पुन्हा दिवस गेले तर आधी हिच्या अंगात रक्त भरा. असंच पांढरं माणूस परत आणलंत तर माझ्या हातात काही नाही." आत्याबाई घरी येईपर्यंत अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

म्हणून पुढं अक्काला पुन्हा दिवस गेले, तेव्हा घरात आनंदाच्या आधी भीती शिरली. अक्का चार पावलं चालली की धापा टाकायची. ओठ भाकरीच्या पिठासारखे. आमची नर्सबाई यायची जवळा बाजारहून, बाजाराच्या दिवशी एसटीनं आणि एरवी मिळेल त्या वाहनानं. नांदेडकडची होती, पांढरी साडी, पायात चप्पल नीट, बोलणं शहरी. तिनं अक्काच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. "रोज एक गोळी, जेवल्यावर. चुकवायची नाही. रक्त वाढलं नाही तर ह्या खेपेला वाचणार नाहीस, लक्षात ठेव." असं रोखठोक बोलायची ती. मला आवडायची.

अक्कानं गोळ्या सुरू केल्या. पण जेवल्यावर म्हणजे कधी? आमच्याकडं गडीमाणसं आधी जेवणार, मग लेकरू, मग आत्याबाई, आणि सुना सगळ्यांच्या शेवटी. आमची पाळी येईपर्यंत कालवण सरलेलं, भाकरी निवलेली. अर्ध्या पोटावर ती गोळी गेली की अक्काला उमळून यायचं. मग तिनं सकाळी चहासोबत घ्यायला सुरुवात केली, कारण चहा तेवढा आमच्या घरात सगळ्यांना एकदम मिळायचा. तरी मळमळ होतीच. पण तिनं दात आवळून चालू ठेवल्या. ज्या गोष्टीनं घात केला, ती वेगळीच.

ती सांगायची तर आमच्या परसाकडं जाण्याचं सांगावं लागेल, आणि मला त्याची लाज नाही. तेव्हा गावात संडास कुणाकडं होता? उजाडायच्या आत आम्ही सगळ्या बाया टमरेल घेऊन नदीकडच्या बाभळीत जायचो. ज्या त्या झुडपाआड जी ती, पण गप्पा सगळ्यांच्या एकत्र. गावातल्या साऱ्या खबरा तिथं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, कुणाची पोरगी बघायला शिरड शहापूरचे पाहुणे येऊन राहिले. कुणाला कशाचा विटाळ नव्हता. वरच्या आळीतल्या बाया असोत की आमच्या बौद्धवाड्यातल्या, दिवसा एका पाणवठ्यावर उभ्या राहणार नाहीत, पण बाभळीत सगळ्यांचं हसणं एकच. लोक म्हणतात जुने दिवस लई चांगले. कशाचे चांगले डोंबलाचे! साप निघायचे, पावसात चिखल, पोटात कळ आली तरी अंधाराची वाट बघा. पुढं दोन हजार सालानंतर घरोघर संडास झाले ते फार बरं झालं. पण त्या हसण्याची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो, काय करू? एवढ्या बाया एका जागी इतक्या मोकळ्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

तर त्या बाभळीत एक दिवस अक्का हळूच बोलली की परसाकडला काळं होतंय. कोळशासारखं.

आमच्यात सुईणमावशी होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, तिच्या शब्दाला वजन. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. तिनं विचार करून सांगितलं, "रक्त जळून राहिलं गं तुझं. लालाचं काळं कधी व्हतं? जळल्यावरच ना? आधीच तुझ्या अंगात रक्त न्हाई, अन् ही गरम गोळी हाय तेबी जाळून राहिली."

झालं. ऐकायला किती बराबर वाटतं बघा. पोटुशी होत्या त्या साऱ्यांनी त्याच दिवशी गोळ्या सोडल्या.

मला हे उशिरा कळलं. त्या दिवसांत मी माहेरी गेले होते. परत आले आणि ज्वारी काढायला कणगीत हात घातला तर हाताला पुड्या लागल्या. पुड्यांवर पुड्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अक्कासमोर पुड्या आपटल्या आणि नको ते बोलले. मरायचं असेल तर सरळ विहीर धर म्हणाले, लेकराला कशाला सोबत नेतीस म्हणाले.

अक्का रडली नाही. शांतपणे म्हणाली, "धाकले, मला जगायचंय म्हणूनच सोडल्या मी. तू माझं रक्त जाताना बघितलंस ना? आता जे उरलंय तेबी जाळू का? माझं पोरगं अजून बारकं हाय."

ती मरायला नव्हे, वाचायला गोळ्या टाकत होती. असल्या माणसाला ओरडून काय सांगणार?

पुढच्या वेळी नर्सबाई आली, पापणी ओढून पाहिली आणि भडकली. "घेत नाहीस ना गोळ्या? खरं सांग. काहून नाही घेत?" ती रागावली की आमची भाषा बोलायची. अक्का खाली मान घालून बसली. आत्याबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, त्याही गप्प. त्या पांढऱ्या साडीतल्या बाईसमोर असलं कसं बोलायचं, ह्या लाजेनं दोघींच्या तोंडाला कुलूप. नर्सबाई प्रत्येक घरी हेच विचारत होती आणि प्रत्येक घरी बाया अशाच जमिनीकडं बघत होत्या.

मला राहवेना. मी म्हणाले, "बाई, त्या गोळीनं परसाकडला काळं व्हतं. रक्त जळतं म्हणून साऱ्यांनी सोडल्या."

अक्कानं पदर तोंडावर घेतला. नर्सबाई आधी हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं, एवढंच होतं तर मला आधी बोलायचं की! ते रक्त नाही. गोळीत लोह असतं. अंगाला लागेल तेवढं लागतं, उरलेलं बाहेर पडतं, त्याचा रंग तो. आणि चहासोबत घेऊ नका, चहा त्याला अंगी लागू देत नाही. भरल्या पोटी घ्या, आंबट काही खा सोबत."

तिनं नीट समजावलं. मला पटलं. पण अक्का, नर्सबाई चहा घ्यायला ओसरीवर बसल्यावर, माझ्या कानाशी म्हणाली, "तिला काय माहीत? ती कुठं बाभळीत येती आपल्यासंगं?"

हे आत्याबाईंनी ऐकलं. त्या ओसरीवर गेल्या आणि नर्सबाईला विचारलं, "बाई, ह्या गोळ्या मी खाल्ल्या तर चालतं का?"

"चालतं की आजी. पण तुम्हाला काय गरज?"

"गरज न्हाई, काम हाय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी कणगीतल्या पुड्या मागून घेतल्या. अक्का घाबरली. "आत्याबाई, नका. तुमाला काई झालं तर?"

"व्हऊ दे. माझं रक्त जळलं तर जळू दे, मला कुणाला द्यायचंय आता? जळत असंल तर आधी माझं कळंल. मी पडले तर तू खाऊ नको. मी न्हाई पडले तर मुकाट्यानं खायचं. कबूल?"

अक्कानं मान हलवली. करते काय बिचारी!

त्याच दिवशी आमच्या घरात आणखी एक उलथापालथ झाली. दिवेलागणीला दीर रानातून आले, हातपाय धुऊन पाटावर बसायला गेले, तर पाटावर आत्याबाई आणि शेजारी अक्का. पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची आंबट भाजी. दीर उभेच्या उभे. आत्याबाईंनी वर न बघता सांगितलं, "आधी आमी जेवणार. गोळी उपाशीपोटी चालत न्हाई. लई भूक लागली असंल तर धाकलीला इचार, चटणी कुठं हाय ते." दीरांनी माझ्याकडं पाहिलं, मी चुलीकडं. माझ्या पोटात हसू मावेना. पोटभर जेवून दोघींनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, आणि मग घरातल्या गड्यांना वाढलं गेलं. अक्काच्या घशाखाली पहिल्या दिवशी घास उतरत नव्हता, नवऱ्याच्या आधी जेवायचं म्हणजे काय! आत्याबाई दटावायच्या, "गिळ. माझ्याकडं बघ अन् गिळ." आणि ती गोळी? ती आत्याबाईंनी तेव्हा एकटीनंच खाल्ली असती तरी चाललं असतं, पण अक्का म्हणाली, "तुमी खाताय तर मी काहून मागं राहू?" ती भित्री होती, पण मनानं लहान नव्हती.

काही दिवसांनी बाभळीत सगळ्या जमल्या असताना आत्याबाईंनी आवाज चढवला. "ऐका गं बायांनो. माझंबी काळं झालं."

चहूकडून हसण्याचा फवारा उडाला. मी तर शरमेनं आणि हसण्यानं अर्धमेली.

"हसू नका. मी रोज गोळी खाऊन राहिले. काळं झालं. मंग माझं रक्त जळलं का? जळलं असतं तर मला चक्कर आली असती का न्हाई?"

सुईणमावशी म्हणाली, "तुझी गोष्ट येगळी. तू म्हातारी."

"म्हातारी ना? काल दिवसभर कपाशीत निंदायला तुझ्या बराबर व्हते ना मी? कुणाची पात आधी निघाली? बोल की."

साऱ्यांनी पाहिलं होतं, पात म्हणजे वाटणीची ओळ आत्याबाईंचीच आधी निघाली होती. मावशी म्हणाली, "माझी नात पोटुशी हाय. तिच्या पुड्या मी चुलीत घातल्या. तुझ्याकडं हायत का उरलेल्या?" तिला असं सगळ्यांसमोर विचारायला किती जड गेलं असेल! आत्याबाईंनी टोमणा मारला नाही. त्या दिवशी मला माझ्या सासूचा फार अभिमान वाटला, पण तसं मी तिला बोलून दाखवलं नाही, कारण शेफारली असती.

मग तर त्यांनी कहरच केला. रोज बाभळीत हजेरी. "झालं का गं तुझं काळं? न्हाई? म्हंजी काल गोळी खाल्ली न्हाईस." एकेकीला पकडायच्या. ज्या रंगाला घाबरून बायांनी गोळ्या फेकल्या, तोच रंग आता गोळी खाल्ल्याची खूण झाला. खोटं बोलायची सोयच राहिली नाही. एकदा नर्सबाईला हे सांगितलं तर ती हसून हसून ओसरीवर आडवी झाली.

अक्काचे ओठ हळूहळू रंगावर आले. धाप कमी झाली. नर्सबाईनं पापणी ओढली आणि काही न बोलता माझ्या पाठीत धपाटा घातला. पण आमची भीती गेली नव्हती. परीक्षा तर पुढंच होती.

कळा सुरू झाल्या तशी आत्याबाईंनी ह्या वेळी कुणाला दम धरा म्हटलं नाही. स्वतःच ओरडल्या, "जीप आणा!" काळीपिवळीत अक्का, मी, आत्याबाई, दीर आणि पुढं सुईणमावशी, तिला कुणी बोलावलं नव्हतं, तीच येऊन बसली. दवाखान्यात डॉक्टर तेच होते. त्यांनी कागद पाहिले, म्हणाले, "मागचा अनुभव वाईट आहे. घरातलं एक माणूस रक्त द्यायला तयार ठेवा."

आता बघा गंमत. मागून आलेले घरातले गडी, दीरांचे दोस्त, पावणे, सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. रक्त दिलं की गडी कामातून जातो, अशी साऱ्यांची ठाम समजूत. माझे दीर उठले, पण सुईचं नाव काढलं की त्यांची पाचावर धारण बसायची. तेवढ्यात आत्याबाईंनी चोळीची बाही वर सारली आणि हात डॉक्टरांपुढं धरला. "माझं घ्या. गोळ्या खाऊन ताजं करून ठिवलंय."

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं वय झालं. तुमचं नाही चालणार."

"काहून चालत न्हाई? मागल्या खेपंला मीच म्हणाले व्हते दम धरा. तवा जे गेलं ते माझ्यापायी गेलं. आता माझंच घ्या, तुमच्या पाया पडते."

मला तोवर कळलंच नव्हतं की ही बाई एवढं ओझं घेऊन रोज माझ्यासमोर वावरत होती. दीर आईचा हात खाली घेत म्हणाले, "आई, मी देतो." आणि सदऱ्याची बाही वर सारली.

पण कुणाचंच लागलं नाही. दुपार कलताना आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी झाली. रक्त गेलं ते जेवढं जायचं तेवढंच, आणि थांबलं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "बाई ठणठणीत आहे." माझा जीव भांड्यात पडला. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि भोकाड पसरून रडल्या. सुईणमावशी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर गोळ्या किती आल्या नि गेल्या. मी पुढं अंगणवाडीत लागले, मीच आता बायांना गोळ्या देते आणि पहिल्या दिवशीच सांगून टाकते, काळं होईल, घाबरू नको. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आत्याबाईंनी मलाही शेजारी बसवून आधी जेवू घातलं, आणि पुढं आमच्या घरात तीच रीत पडली.

जिल्हा वेगळा झाला त्याला काही वर्षं लोटली होती, तेव्हा आत्याबाई गेल्या. म्हातारपणानंच, झोपेत. विहारातून भंतेजी आले, त्रिसरण झालं, आणि उचलायची वेळ आली तशी अक्का पुढं झाली. आयुष्यभर खालच्या आवाजात बोललेली माझी अक्का मोठ्यानं म्हणाली, "फुडचा खांदा मी देणार."

भावकीतला एक वडीलधारा म्हणाला, "बायांनी खांदा द्यायची आपल्यात रीत न्हाई पोरी."

"मला ह्यांनी जगवलं," अक्का म्हणाली. "मी देणार."

कुणी अडवलं नाही. स्मशान नदीच्या पल्याड, वाट दगडांची आणि चढाची. गडीमाणसं थोड्या थोड्या अंतरावर खांदा बदलत होती. दीरांनी दोनतीनदा मागं वळून अक्काकडं पाहिलं, आता दे माझ्याकडं म्हणाले. तिनं शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.